विशेष विषय: एक क्रमांक, अनेक बिऱ्हाडे

तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत प्रत्येक विभागाच्या शेवटी असा एक कोर्स असतो, ज्याला क्रमांक असतो, क्रेडिट असतात, पण विषय नसतो. नावाच्या जागी ‘स्पेशल टॉपिक्स’ एवढेच छापलेले असते, वर्णनाच्या जागी ‘सत्रानुसार बदलेल’ आणि पूर्वअटीच्या जागी ‘प्राध्यापकांची संमती’. पुस्तिकेतले बाकीचे कोर्स काय शिकवणार ते कबूल करतात आणि पुष्कळदा शिकवत नाहीत. हा कोर्स काहीच कबूल करत नाही, त्यामुळे त्याने शब्द मोडल्याची तक्रार आजवर कोणाला करता आलेली नाही.

अमेरिकेत ही व्यवस्था चांगली मुरलेली आहे. जॉर्जिया टेकमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ४८०३ आणि पदव्युत्तरांसाठी ८८०३ हे क्रमांक त्यासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि संगणकापासून विमानविद्येपर्यंत अनेक विभाग तेच वापरतात. बर्कलेच्या संगणक विभागात १९४ आणि २९४. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत (कोथरूडच्या नव्हे) विभागांनाही नावाने हाक मारत नाहीत. विद्युत आणि संगणक म्हणजे ‘सहा’, भौतिकशास्त्र म्हणजे ‘आठ’, गणित म्हणजे ‘अठरा’. तेथे विभागाच्या आकड्यानंतर ‘एस’ हे अक्षर आले की जाणकारांनी समजायचे, हा कोर्स विशेष आहे; म्हणजे पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

असा क्रमांक म्हणजे वाड्यातली भाड्याची खोली. दारावरची पाटी तीच, बिऱ्हाड दर सहा महिन्यांनी नवे. एका सत्रात तेथे क्वांटम संगणन राहते, पुढच्या सत्रात यंत्रमानवांचे नीतिशास्त्र, त्यानंतर कंपायलर. एकाच वेळी दोन-तीन बिऱ्हाडे आली तर ओळखीसाठी आकड्याला शेपूट लावतात, जसे २९४-११२ किंवा ८८०३-जीए. शेपूट न बघता नाव नोंदवणारा एखादा विद्यार्थी दर सत्रात निघतो. आपण यंत्रशिक्षण म्हणून जे ऐकतो आहोत ते डेटाबेस आहे, हे त्याच्या लक्षात यायला तीन आठवडे लागतात. तोवर कोर्स सोडण्याची तारीख उलटून गेलेली असते, आणि त्याचे डेटाबेस पक्के होतात.

अशी सोय का लागली, हे कळण्यासाठी नियमित कोर्सचा जन्म कसा होतो ते पाहावे लागते. आपल्या विद्यापीठांत नवा विषय आधी अभ्यास मंडळापुढे जातो, तेथून विद्याशाखेकडे, तेथून विद्या परिषदेकडे. अमेरिकेत मंडळांची नावे वेगळी आणि चहाऐवजी कॉफी, पण वेग तोच. प्रत्येक पायरीवर तीन प्रश्न ठरलेले असतात. हा विषय दुसऱ्या विभागाच्या हद्दीत तर जात नाही ना? शिकवणारा सोडून गेला तर कोण शिकवणार? आणि पाठ्यपुस्तक कोणते? विषय खरोखर नवा असेल तर उत्तरे अनुक्रमे ‘जातो’, ‘कोणी नाही’ आणि ‘अजून लिहिलेले नाही’ अशी येतात आणि प्रस्ताव पुढील बैठकीपर्यंत तहकूब होतो. ज्या विषयाची तिन्ही उत्तरे समाधानकारक असतात, तो बहुधा दहा वर्षे जुना झालेला असतो. विशेष विषयाला हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण क्रमांक केव्हाच मंजूर झालेला आहे. एक परिच्छेद आणि विभागप्रमुखांची सही एवढ्यावर काम भागते. परिच्छेद शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री लिहिला जातो आणि त्यात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द एकदा तरी येतो.

असे कोर्स काढणाऱ्या प्राध्यापकांचे काही ठळक प्रकार आढळतात. पहिला प्रकार नव्याने रुजू झालेल्यांचा. त्यांना एकच विषय तळापर्यंत येत असतो, तो म्हणजे स्वतःचा प्रबंध. कोर्सचे आठवडे म्हणजे त्याचीच प्रकरणे. शेवटच्या आठवड्यात ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ सांगितल्या जातात आणि त्या दिशांना धाडण्याजोगे दोघे-तिघे वर्गात आहेत का, हे पाहणे हा कोर्सचा खरा हेतू असतो. दुसरा प्रकार पुस्तक लिहायला घेतलेल्या ज्येष्ठांचा. दर आठवड्याला एक प्रकरण वाटले जाते, विद्यार्थी चुका काढून आणतात, आणि वर्षभराने प्रस्तावनेत ‘त्या सत्रातील सर्व विद्यार्थ्यांचे’ एका ओळीत आभार मानले जातात. मुद्रितशोधकाला निदान पानामागे पैसे मिळतात. तिसरा प्रकार उद्योगातून येणाऱ्या पाहुण्यांचा. ते शनिवारी सकाळी येतात, त्यांच्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह असते, आणि एखादा खरा आकडा विचारला की तो गोपनीय असतो. चौथा प्रकार ज्यांना तो विषय स्वतःलाच शिकायचा असतो त्यांचा. ते विद्यार्थ्यांच्या एक आठवडा पुढे असतात, दिवाळीनंतर एक आठवडा मागे. चौघांत सर्वांत प्रामाणिक हेच, आणि शिकवणेही बहुधा त्यांचेच बरे असते. कोठे अडायला होते हे त्यांना ताजे आठवत असते.

दुसऱ्या प्रकाराची टिंगल सोपी आहे, पण संगणकाच्या इतिहासातला एक फार परिणामकारक प्रायोगिक कोर्स त्यातलाच होता. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या लिन कॉन्वे १९७८ च्या शरद सत्रात पाहुण्या प्राध्यापक म्हणून एमआयटीत आल्या. त्या आणि कॅलटेकचे कार्व्हर मीड मिळून चिपच्या रचनेवर पुस्तक लिहीत होते. पुस्तक छापून व्हायचे होते, तेव्हा कच्चा मजकूर हेच पाठ्यपुस्तक. तोवर चिप आखणे हे कंपन्यांच्या बंद दाराआडच्या तज्ज्ञांचे काम मानले जाई. विद्यार्थ्यांनी तिचे फोटो पाहायचे आणि परीक्षेत आकृती काढायची. कॉन्वे यांनी सत्राच्या पूर्वार्धात आखणीचे सोपे केलेले नियम शिकवले आणि उत्तरार्धात विद्यार्थ्यांना आपापली चिप आखायला बसवले. सत्र संपताना सगळे आराखडे अर्पानेट या त्या काळच्या संगणकजाळ्यावरून कॅलिफोर्नियाला गेले, एकत्र जुळवले गेले, ह्युलेट-पॅकार्डच्या कारखान्यात त्यांच्या चिप तयार झाल्या आणि जानेवारी १९७९ मध्ये त्या विद्यार्थ्यांच्या हातात पडल्या. गाय स्टील या विद्यार्थ्याने तर लिस्प ही संगणकभाषा थेट चालवणारा मायक्रोप्रोसेसरच आखला होता. एवढ्या अवधीत आपल्याकडे सबमिशनच्या फायलीवर सही मिळाली तरी मुले पेढे वाटतात.

कॉन्वे यांची आणखी एक खुबी होती. शिकवताना काही राहून जाऊ नये म्हणून त्यांनी टिपणे इतकी तपशीलवार काढली, की ती हातात घेऊन दुसऱ्या कोणालाही तोच कोर्स शिकवता यावा. पुढच्या वर्षी तो तसा शिकवलाही गेला. १९७९ च्या शरदात १२ विद्यापीठांतले ८२ आराखडे याच वाटेने चिप होऊन आले. मीड आणि कॉन्वे यांचे पुस्तक १९८० चे, आणि पुढच्या काही वर्षांत जगभरची विद्यापीठे त्यावरून शिकवू लागली. बहुतेक विशेष विषयांची टिपणे मात्र ती काढणाऱ्यालाही पुढच्या वर्षी लागत नाहीत. त्यांत बाण असतात, आणि बाण कशाकडे जातात हे फळ्यावर राहून गेलेले असते.

दिग्गज एकत्र आले म्हणजे कोर्स चांगला होतो, असाही एक समज आहे. कॅलटेकमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मीड, जॉन हॉपफिल्ड आणि रिचर्ड फाइनमन या तिघांनी मिळून संगणनाच्या भौतिकशास्त्रावर कोर्स काढला. तिघांची ओढ तीन दिशांना असल्याने एका कोर्सचे तीन व्हायला फार काळ लागला नाही. फाइनमन संगणनाच्या मर्यादांवर शिकवू लागले, हॉपफिल्ड चेताजालांवर, आणि मीड चेतासंस्थेच्या धर्तीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर. फाइनमन यांची ती व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९९६ मध्ये, पुस्तकरूपाने आली. हॉपफिल्ड यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अर्थात ते त्यांच्या संशोधनासाठी होते, कोर्ससाठी नव्हे. संयुक्त कोर्स तिघांत फुटला म्हणून विभागप्रमुखांनी लगेच चौकशी लावू नये, एवढे यातून म्हणता येते.

विद्यार्थ्यांकडे वळायचे तर पहिल्या तासाची गर्दी फसवी असते. सूचना फलकावर नावात अपूर्णविराम असलेले पत्रक लागते. अपूर्णविरामाच्या डावीकडे मोठा शब्द असतो, उजवीकडे ‘सिद्धांत, तंत्रे आणि उपयोजने’. पहिल्या दिवशी साठ जण येतात. त्यांपैकी तिसरा हिस्सा वेळापत्रकात शुक्रवारची दुपार मोकळी राहते म्हणून, तिसरा हिस्सा होस्टेलच्या सीनियरने ‘ग्रेड चांगली देतात’ असे सांगितले म्हणून, आणि उरलेले चुकून. चौथ्या आठवड्यात अकरा उरतात. त्यांत विषयाची खरी ओढ असलेले दोघे असतात. ते नाव नोंदवत नाहीत, नुसते बसतात, आणि सगळे प्रश्न तेच विचारतात.

क्वचित गर्दी खरी निघते. नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये एमआयटीत ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ या नावाचा कोर्स काढला. महागडी यंत्रे वापरायला शिकणारे मूठभर संशोधक येतील अशी अपेक्षा होती. शंभरेक जण आले, आणि त्यांत कलावंत आणि वास्तुरचनाकारही होते. त्यांना संशोधन करायचे नव्हते, वस्तू बनवायच्या होत्या. एकीने छातीशी बांधायची पिशवी बनवली. चारचौघांत किंचाळावेसे वाटले तर किंकाळी तिच्यात साठवायची आणि नंतर एकांतात जाऊन सोडायची. विरार लोकलमध्ये सकाळी ८ ते १० या वेळात अशा पिशव्या खपायला हरकत नव्हती, पण शोध चुकीच्या शहरात लागला. आणखी एकीने बनवलेल्या गजराच्या घड्याळाशी झटापट करून आपण जागे आहोत हे सिद्ध करावे लागे. याच कोर्समधून ‘फॅब लॅब’ची, म्हणजे कोणालाही वस्तू बनवता येईल अशा छोट्या कार्यशाळेची, कल्पना निघाली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी सुरू झाली. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम होता. ग्रामीण मुलांना हाताने वस्तू करता करता विज्ञान शिकवण्याचे काम तेथे पंधरा-वीस वर्षे चालू होते. म्हणजे एमआयटीत जी गोष्ट विशेष म्हणून शिकवली जात होती, ती पाबळला रोजचा धडा होती. लेसरने कापणारे यंत्र तेवढे नवीन आले.

शिकवण्याची पद्धत जगभर सारखीच आहे. पहिले चार तास प्राध्यापक बोलतात. त्यानंतर प्रत्येकाला एकेक शोधनिबंध वाटून दिला जातो आणि उरलेले सत्र विद्यार्थीच शिकवतात. प्राध्यापक शेवटच्या बाकावर बसून मान हलवतात. सादर करणाऱ्याकडे चाळीस स्लाइड असतात आणि त्यांतल्या आकृत्या निबंधातूनच कापून लावलेल्या असतात. ‘लेखकांनी येथे असे गृहीत धरले आहे’ असे म्हणून तो पुढे सरकतो. ‘का?’ असा प्रश्न आला की ‘ते निबंधात दिलेले नाही’ असे उत्तर येते. हे उत्तर पुष्कळदा खरे असते, आणि शोधनिबंधांबद्दल विद्यार्थ्याला मिळालेले ते पहिले खरे ज्ञान.

कधी कधी प्राध्यापकही लागत नाहीत. एमआयटीत जानेवारी महिना १९७१ पासून अशा सटरफटर उद्योगांसाठी मोकळा ठेवलेला आहे, आणि त्यात विद्यार्थी विद्यार्थ्यांना शिकवतात. डीप लर्निंगची ओळख करून देणारा ६.एस१९१ हा कोर्स २०१७ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि आता जगभरचे लोक त्याच्या चित्रफिती पाहतात. २०२० च्या जानेवारीत ‘संगणक शिक्षणातील राहून गेलेले सत्र’ अशा अर्थाच्या नावाचा वर्ग निघाला. कमांड लाइन कशी वापरावी, एडिटर कसा चालवावा, गिट म्हणजे काय, असल्या गोष्टी त्यात शिकवल्या. पदवीचा प्रत्येक कोर्स या गोष्टी विद्यार्थ्याला येतात असे धरून चालतो, आणि दुसऱ्याने त्या शिकवल्या असतील असेही.

एखाद्या विशेष कोर्सला पुढे वेगळेच वजन येऊ शकते. गॅरी गेन्सलर यांनी २०१८ मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत १५.एस१२ या क्रमांकावर ब्लॉकचेन आणि पैसा हा विषय शिकवला. व्याख्याने सर्वांसाठी खुली ठेवली गेली. २०२१ मध्ये ते अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाचे अध्यक्ष झाले आणि क्रिप्टोवाल्यांच्या मागे लागले. मग क्रिप्टोवाल्यांनी ती व्याख्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि त्यांतली वाक्ये गेन्सलर यांनाच ऐकवली. कोणत्याही विशेष विषयाचा इतका बारकाईने अभ्यास त्याच्या वर्गात सहसा होत नाही.

परीक्षा बहुधा नसते, प्रकल्प असतो. तिघांच्या गटात एक काम करतो, एक स्लाइड करतो आणि एक दोघांना प्रोत्साहन देतो. सत्राच्या आरंभी दिलेल्या प्रस्तावात जे करणार म्हटले होते, ते शेवटच्या सादरीकरणात ‘भविष्यातील काम’ या मथळ्याखाली जसेच्या तसे येते. ग्रेड मात्र चांगल्या मिळतात. वर्ग लहान असतो, मोजायला आधीची फूटपट्टी नसते, आणि पुढच्या वेळी मुले यावीत अशी प्राध्यापकांचीही इच्छा असते. सीनियरचे म्हणणे खोटे नव्हते.

क्वचित एखादे बिऱ्हाड कायमचे होते. बऱ्याच विद्यापीठांत एकच विषय विशेष म्हणून दोन-तीनदाच चालवू देतात. मग एक तर मंडळाकडे जा, नाहीतर गाशा गुंडाळा. बर्कलेचा डीप रीइन्फोर्समेंट लर्निंगचा २९४-११२ हा २०१९ मध्ये २८५ झाला. जॉर्जिया टेकच्या ८८०३-जीए या अल्गोरिदमच्या कोर्सला ६५१५ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. पक्का क्रमांक मिळताच कोर्सचे रूप पालटते. पाठ्यपुस्तक नेमले जाते, लेखी परीक्षा येते, मागील वर्षांचे प्रश्न हातोहात फिरू लागतात आणि ‘याचे किती मार्क?’ हा प्रश्न प्रथमच ऐकू येतो. बाकीचे बहुसंख्य विषय कोणाला न कळवता निघून जातात. त्यांतले पुष्कळसे जाण्याच्याच लायकीचे असतात, हेही सांगितले पाहिजे.

भारतात आयआयटींनी ही रीत अंगीकारली. कानपूरला १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी संस्थांचे साह्य होते, त्यामुळे तेथले वळण बरेचसे अमेरिकी. दिल्लीत एका क्रेडिटची छोटी ‘स्पेशल मॉड्यूल’ असतात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘ग्यान’ ही योजना आणली. परदेशी प्राध्यापकाने यावे आणि एक-दोन आठवड्यांचा कोर्स शिकवून जावे, अशी तिची रचना. पाहुण्यांच्या गावी बर्फ पडत असताना या देशसेवेला अधिक उत्साह येतो, असे बारीक नजरेच्या यजमानांचे मत आहे.

संलग्न महाविद्यालये असलेल्या मोठ्या विद्यापीठांत मात्र मोकळा क्रमांक परवडत नाही, कारण शेकडो महाविद्यालयांत एकच प्रश्नपत्रिका जायची असते. त्यांनी निवडीची यादीच छापून टाकली. मुंबई विद्यापीठाच्या २०१६ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ‘इन्स्टिट्यूट लेव्हल ऑप्शनल’ असा गट होता. त्यात सायबर सुरक्षा आणि कायदे, आपत्ती व्यवस्थापन, ऊर्जा लेखापरीक्षण, ऑपरेशन्स रिसर्च, उद्योजकता विकास अशी नावे होती आणि कोणत्याही शाखेच्या मुलाने त्यांतले काहीही घ्यावे असा उदार हेतू होता. प्रत्यक्षात यादीत कितीही नावे असली, तरी महाविद्यालयात शिकवायला जे सर मोकळे असतील त्यांचाच विषय निवडला जातो. स्थापत्य, यंत्र आणि संगणक या तिन्ही शाखांची मुले मग एका हॉलमध्ये बसून आपत्ती व्यवस्थापन शिकतात. प्रात्यक्षिकासाठी दूर जावे लागत नाही.

राहता राहिली गुणपत्रिका. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या नोंदणी प्रणालीत कोर्सच्या नावाला तीस अक्षरांची मर्यादा आहे. ‘स्पेशल टॉपिक्स इन’ लिहिण्यातच निम्म्याहून अधिक खर्ची पडतात आणि पुढचा विषय मध्येच तुटतो. काही ठिकाणी तर नुसते ‘स्पेशल टॉपिक्स’ एवढेच उमटते, आणि तीन वेगळे विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने एकच कोर्स तीनदा दिल्यासारखे दिसते. पीएचडीच्या प्रवेशाला किंवा नोकरीच्या मुलाखतीला हे समजावून सांगणे जड जाते. अशा विद्यार्थ्यांनी कोर्सचा आराखडा, वाचनयादी आणि प्रकल्पाचा अहवाल यांच्या प्रती सत्र संपण्यापूर्वीच उतरवून घ्याव्यात. सुट्टीत कोर्सच्या वेबपानावर पुढचा विषय चढवला जातो, आणि आधी तेथे काय होते हे विभागाच्या कार्यालयातही कोणी सांगू शकत नाही.